पुरवणी

दुपारचा चहा झाला की राजापुरात अच्युतबुवा पाध्यांच्या माजघरातली पश्चिमेची भिंत खाडी व्हायची. आधी भिंतीचा रंग पातळ होई, मग त्यातून पाणी चमकू लागे, आणि बघता बघता समोर एक नाव हेलकावे घेत उभी राही. बुवा कपाळाला पट्टी बांधून खुर्चीत टेकून बसत आणि हाक देत, "मेस्त्री, आलात का?"

"मी केव्हाचा बसलोय," वडोदऱ्याहून श्रीधर मेस्त्रींचा आवाज येई. "तुमचंच नमनाला घडाभर तेल."

बुवांनी जन्मभर कीर्तनं केली आणि मेस्त्रींनी जन्मभर त्यांच्या मागे तबला धरला. कोकणातलं एक देऊळ नसेल जिथं ही जोडी उभी राहिली नाही. मग बुवांचे गुडघे गेले, मेस्त्रींची बोटं आखडली. मेस्त्रींना लेक शालन वडोदऱ्याला घेऊन गेली आणि जोडी फुटली. ती पुन्हा जुळली ती या खेळामुळे.

खेळाचं नाव होतं 'तर', म्हणजे उतारूंना खाडीपार नेणारी होडी. एक नाव, दोन वल्हेकरी, प्रत्येकाच्या हाती एक वल्हं. उतारूंना पलीकडे न्यायचं. दोघांची वल्ही एका लयीत पडली तर नाव सरळ जाते. एकाचं आधी आणि दुसऱ्याचं नंतर पडलं की ती जागच्या जागी गरागरा फिरते. पूर्वी हा खेळ खेळायला हातात एक फळी धरावी लागे. तिच्यावर अकरा बटणं. वल्हं बुडवायचं एक, ओढायचं दुसरं, उचलायचं तिसरं, अशी ती गंमत. तरणी पोरंसुद्धा आठ दिवसांत कंटाळून सोडून देत. बुवांच्या पुतणीनं, डॉक्टर ऋजुतानं, ही बटणं एकेक करून काढून टाकली आणि शेवटी फळीही काढली. उरली ती कपाळावरची चाहूलपट्टी.

चाहूलपट्टीचं शास्त्र तसं सांगायला सोपं आहे. आपण हात उचलतो त्याच्या क्षणभर आधी मेंदूत त्या उचलण्याची तयारी सुरू होते. पाहुणा दारात दिसण्याआधी अंगणात त्याची पावलं वाजावीत तशी. एवढंच नव्हे, 'आता उचलू' असं आपल्याला वाटतं त्याच्याही थोडं आधी ही पावलं वाजलेली असतात. पट्टी ती ऐकते आणि नावेतलं वल्हं हलवते. हात हलवायचं कारणच उरत नाही. आणि एखाद्याची पावलं क्षीण वाजत असतील, म्हातारपणानं, आजारपणानं किंवा नुसत्या आळसानं, तर यंत्र त्याच्या सवयी आठवून उरलेलं काम स्वतःच पुरं करतं. याला पुरवणी म्हणत. परीक्षेत मूळ उत्तरपत्रिकेला जोडतात ना, तशीच. फरक एवढाच की इथं पुरवणीतलं उत्तर दुसराच कुणीतरी लिहितो. आपलं किती आणि पुरवणीचं किती, हे खेळणाऱ्याला दाखवत नसत. सुरुवातीला दाखवून पाहिलं होतं, तेव्हा माणसं हिरमुसून उठून गेली.

बुवांना यातलं काही ठाऊक नव्हतं आणि पर्वाही नव्हती. नाव पाण्याला लागली की ते आख्यान लावत. मेस्त्री सुरुवातीला एखादा टोमणा मारत, मग गप्प होत. देवळात बुवांच्या मागे बसतानाही ते असेच गप्प असायचे. बुवा बोलताहेत, नाव सरसर चाललीय, उतारू पैलतीरी उतरताहेत. स्वयंपाकघरातून बुवांच्या पत्नी, सुलोचनाकाकू, म्हणत, "पुण्य तरी लागतंय का हो तुम्हाला या उतारूंचं?"

"लागेल थोडं," बुवा म्हणत. "वल्हं मारतोय की नाही मी?"

अशा सुखात मिठाचा खडा पडला तो शालनच्या फोननं. ती बिचारी सहज बोलून गेली. "बुवाकाका, एक सांगू? रागावू नका. तुमचं आख्यान सुरू झालं ना, की बाबांचे डोळे मिटतात. मान खाली जाते. मला वाटतं ते झोपतातच. खेळ संपला की मी हलवून उठवते."

बुवा हसले. "माझ्या कीर्तनात झोपणारे काय कमी पाहिले मी?" असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. पण जेवताना घास घोळत राहिला. मेस्त्री झोपत असतील, तर दुसरं वल्हं मारतं कोण?

आणि मग आणखी एक गोष्ट त्यांच्या डोक्यात आली. मेस्त्री समेवर नेहमी केसभर आधी यायचे. उतावीळ स्वभाव, सम दिसली की यांना धीर निघत नसे. बुवांनी भर कीर्तनात त्यावरून त्यांची थट्टा केली होती, आणि लोक त्या थट्टेसाठी यायचे. 'तर' खेळायला लागल्यापासून मात्र मेस्त्रींचं वल्हं एकदाही आधी पडलं नव्हतं. बुवांना वाटलं होतं, म्हातारपणी का होईना, सुधारले. आता वाटलं, सुधारायला ते तिथं होते तरी का?

ऋजुता सुट्टीला राजापुरात आली होती. बुवांनी तिला माजघरात बोलावून समोर बसवलं.

"ऋजू, मेस्त्री खेळतो की तुझं यंत्र खेळतं, एवढं मला सांग."

ऋजुतानं चहाचा कप खाली ठेवला. "असं तोडून सांगता येत नाही, काका. थोडं ते, थोडं यंत्र. नाव सरळ जावी म्हणून यंत्र कुणाचं आवरतं, कुणाचं भरतं."

"पण हे करायचं कशाला? असू दे की फिरत नाव."

"अकरा बटणं होती तेव्हा शंभरातली पाच माणसं टिकायची. बाकीच्यांना वाटायचं, आपल्याला जमतच नाही. आता हात थरथरणारा खेळतो, अंथरुणाला खिळलेला खेळतो. तुम्ही दोघं रोज भेटता. सोपं केलं हे वाईट केलं का मी?"

"वाईट कोण म्हणतंय बाळा," बुवा म्हणाले. "सोपं करणं हाच तर आमचा जन्माचा उद्योग. शास्त्रीबुवांना न कळणारा वेदांत आम्ही भाजीवालीला हसत हसत सांगायचा. पण तिच्या वतीनं आम्ही ऐकून नव्हतो घेत. ऐकायचं तिचं तिनंच."

ऋजुतानं उरलेला चहा संपवला. "पुरवणी काढून दाखवते. पण नाव एकच आहे. काढायची तर दोघांची काढावी लागेल."

"काढ की. माझं काय जातंय?"

"काका, नक्की?"

"अगं, मी टक्क जागा असतो. अखंड बोलत असतो. विचार तुझ्या काकूला."

"बोलत असतात खरं," काकू आतून म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी चहा झाला, भिंतीची खाडी झाली. ऋजुता मांडीवर काचेची पाटी घेऊन बुवांच्या शेजारी बसली. शालनही तिकडे बापाशेजारी बसली होती. तिला ऋजुतानं आधीच फोन करून सगळं समजावलं होतं.

"मेस्त्री, आज आपण मदतीशिवाय नाव हाकायची," बुवा म्हणाले.

"कसली मदत?" मेस्त्री म्हणाले. "मला कोण मदत करतंय इथं? ही शालन पाणीसुद्धा दोनदा मागितल्यावर देते."

"बाबा," शालन म्हणाली.

ऋजुतानं पाटीवर बोट टेकवलं. नावेत फरक काही दिसला नाही. बुवांनी नेहमीसारखं नमन धरलं आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून मेस्त्रींच्या वल्ह्याकडे पाहत राहिले.

वल्हं हललं. जड, वेडंवाकडं, पण हललं. पाण्यात पडलं आणि पाणी उडवून वर आलं. मग पुन्हा. आणि लय धरली तशी बुवांच्या छातीत लख्ख उजेड पडला, कारण ते समेवर केसभर आधी पडत होतं.

"शालन, डोळे मिटलेत का गं त्याचे?"

"मिटलेत, काका. मान खाली."

"झोपत नाही तो. तबल्यावरही असाच बसायचा. मी त्याच्या पुढ्यात उभा राहायचो ना, मला कधी दिसलंच नाही." बुवांनी मांडीवर थाप मारली. "मेस्त्री, लेका, आधी आलास."

"तुम्हीच मागे राहिलात," मेस्त्री डोळे न उघडता म्हणाले. "वल्हवा की. मघापासून मी एकटाच मारतोय. नाव फिरतेय नुसती."

बुवांनी समोर पाहिलं. खाडीचे दोन्ही काठ त्यांच्याभोवती सावकाश फिरत होते. मेस्त्रींचं वल्हं पडत होतं, उठत होतं. बुवांचं वल्हं नावेच्या कडेला आडवं पडलं होतं. त्यावरून पाणीसुद्धा ओघळत नव्हतं.

"पट्टी नीट बसली नाही वाटतं," बुवा म्हणाले.

ऋजुतानं पट्टी पाहिली. ती नीट बसली होती. बुवांनी मनात म्हटलं, मार. वल्हं हललं नाही. त्यांनी आणखी जोर करून म्हटलं, दात आवळून म्हटलं. वल्ह्याचं टोक जरासं थरथरलं आणि थांबलं.

ऋजुता मेस्त्रींना ऐकू जाणार नाही अशा हळू आवाजात सांगू लागली. तिला हे शब्द जड जात होते. "काका, हात वापरला नाही तर आखडतो ना? हेतूही आखडतो. पहिल्या महिन्यात तुमची चाहूल छान यायची. मग तुम्ही बोलत गेलात, यंत्र भरत गेलं. तुम्हाला वाटायचं, मी मारलं. वल्हं पडलेलं दिसायचं, म्हणून तसंच वाटत राहायचं. मेस्त्रीकाका मात्र दर खेपेला स्वतः मारत आले. यंत्राला त्यांचं आवरावं लागलं, तुमचं भरावं लागलं."

बुवांना राग आला नाही. त्यांना आपली सगळी कीर्तनं आठवली. एखादी ओळ सुरू करायची, हात असा वर करायचा आणि सोडून द्यायची; मागे उचलणारं कुणीतरी असायचंच. उचलली का, हे त्यांनी कधी वळून पाहिलं नव्हतं. पाहायचं नसतंच ते. यंत्रालाही त्यांनी तसाच एक साथीदार करून टाकलं होतं.

"परवा पूजेला बसलो होतो," तेही हळूच म्हणाले. "फुलं वाहिली, नमस्कार केला, उठायला लागलो. तर तुझी काकू म्हणाली, अहो, फुलं हातातच आहेत. मी म्हटलं, वय झालं." त्यांनी ऋजुताकडे पाहिलं. "ते वय नव्हतं का गं?"

"माहीत नाही, काका," ऋजुता म्हणाली. तिचे डोळे पाण्यानं भरले होते. "खरंच माहीत नाही."

"बुवा," पलीकडून मेस्त्री म्हणाले, "तुम्ही ना, जन्मभर गादीवर उभं राहून सांगितलंत, कर्ता तो, आपण निमित्त. एक दिवस वल्हं हललं नाही तर तोंड का उतरलं?"

"तो कर्ता असला तर तोंड कशाला उतरेल?" बुवा म्हणाले. "इथं कर्ती आमची पुतणी निघाली."

मेस्त्री मोठ्यानं हसले आणि हसता हसता खोकू लागले. खोकला लांबला. शालननं पाणी दिल्याचा आवाज आला. "मारा हो आता," ते दम खात म्हणाले. "माझ्यानं एकट्यानं फार वेळ नाही व्हायचं."

"परत येईल का?" बुवांनी ऋजुताला हळूच विचारलं. "माझी चाहूल."

"रोज पुरवणीशिवाय बसलात तर येईलही. महिने लागतील. तोवर नाव अशीच फिरत राहील. मेस्त्रीकाकांना तेवढा दम..."

बुवा विचारात पडले. पुरवणी परत लावली तर मेस्त्री आनंदात वल्हं मारतील, आणि शेजारी बुवा आहेत असं समजून मारतील. न लावली तर मेस्त्री एकटेच थकतील. "तू लावून ठेव," ते शेवटी म्हणाले. "पण मी सांगेपर्यंत माझं वल्हं हलता कामा नये. मला ठरवू दे."

ऋजुतानं पाटीवर बोट टेकवलं.

बुवांनी डोळे मिटले. आणि मिटल्याबरोबर त्यांना स्वच्छ कळलं की हे नको. मेस्त्रीला खरं सांगायचं. म्हणायचं, मित्रा, आज राहू दे. मी आधी शिकतो, मग येतो. हे शब्द त्यांच्या ओठांवर आले, आणि पाणी कापल्याचा आवाज झाला.

त्यांनी डोळे उघडले. दोन्ही वल्ही एका लयीत पडत होती. नाव सुसाट निघाली होती.

"आता कसं," मेस्त्री म्हणाले. "मघाशी मी घाबरलो होतो हो जरा. म्हटलं, आमच्या बुवांचं काही खरं नाही."

"मी सांगितलं नव्हतं," बुवा पुटपुटले.

ऋजुता पाटीकडे पाहत होती. तिचा चेहरा पांढरा पडला होता. "काका, चाहूल आली होती. क्षीण, पण आली होती. तुमचीच आहे."

"मी 'नाही' म्हणणार होतो, ऋजू."

"त्याच्या आधी आली ती."

"मग ते 'नाही' कुणाचं होतं?"

खाडीचा वारा भिंतीतून येत नाही, तरी ऋजुतानं पदर अंगाभोवती घट्ट ओढून घेतला.

"गप्प का बुवा?" मेस्त्रींनी विचारलं. त्यांचा आवाज आता निवांत झाला होता. "आख्यान लावा की. काल गजेंद्राला पाण्यात तसाच ठेवून उठलात तुम्ही. मगरीनं पाय धरलेला. बिचाऱ्याला रात्रभर झोप नसेल."

आता सांगू या, म्हणून बुवांनी तोंड उघडलं. मेस्त्री, शेजारी मी नाही, एवढंच वाक्य म्हणायचं होतं.

"तर मंडळी," बुवांच्याच तोंडून आवाज आला, तोच खणखणीत, देवळाच्या शेवटच्या पायरीपर्यंत पोचणारा, "गजेंद्रानं जिवाच्या आकांतानं सोंड वर केली..."

मेस्त्रींनी समाधानानं पुन्हा डोळे मिटले. आणि खुर्चीत टेकून बसलेले अच्युतबुवा, पुढं काय होतं म्हणून, कान देऊन ऐकू लागले.