उजेड धरणारी

चौऱ्याहत्तर सालची गोष्ट. आम्ही चिंचवडला, कॉलनीच्या तळमजल्यावर दोन खोल्यांत राहत होतो. बायको, चारुलता, पहिल्या बाळंतपणाला साताऱ्याला माहेरी गेलेली. मुलगी झाली होती आणि महिनाअखेरीस मायलेकी परत यायच्या होत्या.

घरातला संडास मात्र गळत होता. भांड्यामागच्या पाइपातून पाणी झिरपायचं, फरशीभर पसरायचं. मी चिंध्या गुंडाळल्या, सिमेंट थापलं, काही उपयोग नाही. रात्रपाळीहून आलं की आधी फरशी पुसायची, मग अंग टाकायचं. महिनाभर हेच. त्या ओल्यावरून बाळाला घेऊन चारू घसरली तर, एवढीच धास्ती होती.

शेवटी एका सकाळी कंपनीतून परतताना थेरगावच्या सोनबा नळवाल्याला सोबतच आणलं. त्याने वाकून पाहिलं.

"मागं लई अंधार हाय, साहेब. कुनीतरी उजेड धराय पायजे."

"धरतो," म्हणालो. मेणबत्ती पेटवून त्याच्या हातात दिली आणि बूट काढायला कॉटवर टेकलो. तिथंच डोळा लागला.

जाग आली तेव्हा सोनबा हात पुसत समोर उभा होता.

"झालं. आता थेंब न्हाई गळायचा."

"मला उठवायचं नाही का, सोनबा? मेणबत्ती कुणी धरली?"

"वैनींनी की. तासभर हलल्या न्हाईत. मेण हातावर सांडत व्हतं, तरी 'हूं' न्हाई का 'चूं' न्हाई."

"कोण वहिनी?"

"तुमच्या घरातल्या. आत फरशी पुसत्यात न्हवं..."

संडासाचं दार लोटलेलं होतं. आतून ओलं फडकं ओढल्याचा आवाज येत होता. सर्र... सर्र... मग फडकं पिळलं. पाणी बादलीत पडलेलं दोघांनीही ऐकलं. सोनबाने माझ्याकडे पाहिलं. माझ्या तोंडावर काय दिसलं कोण जाणे, त्याचा हात माझ्या दंडावर घट्ट बसला.

"साहेब... घरात दुसरं कोन हाय?"

"कुणी नाही."

आवाज थांबला. मी पायानेच दार ढकललं. आत कुणी नव्हतं. फरशी कोरडी ठणठणीत, फडकं बादलीच्या काठावर नीट पसरलेलं. विझल्या वातीतून अजून धूर निघत होता. सोनबा हत्यारं तिथंच टाकून गेला, तो पुन्हा आलाच नाही.

मीही पळायला हवं होतं. पण दाराकडे तोंड करून बसलो आणि बसल्या बसल्या पुन्हा झोपलो. इतका थकवा होता.

संध्याकाळी चारूला कार्ड टाकलं. 'संडास अजून गळतोय. मी कळवेपर्यंत येऊ नकोस.' तिच्याशी पहिल्यांदाच खोटं बोललो. मग दिघीला सुरेंद्रकडे, माझ्या कंपनीतल्या मित्राकडे, राहायला गेलो.

आठ-दहा दिवसांनी कपडे घ्यायला घरी आलो, तर दाराच्या आत तिचं पत्र पडलेलं. 'तुमचं दुसरं कार्ड मिळालं. आम्ही दोघी शनिवारी सकाळच्या एसटीने निघतोय.'

मी एकच कार्ड टाकलं होतं. आणि तो शनिवारच होता.

धावतपळत स्टँड गाठला. चारू नुकतीच उतरत होती, बाळ दुपट्यात झोपलेलं.

"घरी नाही जायचं," मी म्हणालो. "आधी दिघीला चल."

"पण तुम्हीच तर बोलावलंत." तिने पिशवीतून कार्ड काढलं. शाई फुटलेली, कागद दमट. अक्षर माझं नव्हतं. 'फरशी कोरडी आहे. पद्माला घेऊन लगेच ये.'

मी ते वाचत असताना चारू माझ्याकडे कौतुकाने पाहत होती.

"एक विचारू? बारसं अजून व्हायचंय. पद्मा नाव ठेवायचं मी नुसतं मनात ठरवलं होतं, आईलासुद्धा बोलले नव्हते. तुम्हाला कसं हो कळलं?"