पाना परत द्यायचा होता

खडीच्या उतारावर फट्‌कन आवाज झाला आणि नर्सबाईंची छोटी गाडी एका अंगाला कलली. मागचं चाक पार बसलं होतं.

डिकीत लसींच्या दोन थंड पेट्या. पुढच्या आरोग्य केंद्रात चाळीस बाळं आयांच्या मांडीवर वाट बघत असणार, आणि पेटीतला बर्फ काही कुणासाठी थांबत नाही.

पेट्या खाली उतरवल्या. स्टेपनी होती, जॅक होता... पाना नव्हता! पेट्या मावेनात म्हणून कालच तिने अवजारांची पिशवी घरी काढून ठेवली होती. जन्मभर ट्रक चालवलेल्या बाबांनी स्वतः भरून दिलेली पिशवी. "एका दिवसानं काय होतंय, बाबा," असं वर त्यांनाच ऐकवून आली होती.

सीटखालचा लाल त्रिकोण तेवढा तिने मागे रस्त्यावर उभा केला. तो पाहून फिरत्या वाचनालयाची गाडी थांबली. चष्मेवाला, उंचेला पुस्तकवाला उतरला.

"चाकाचा पाना आहे?" तिने विचारलं.

"असेल. गाडीबरोबर दुकानदारानं सगळं दिलंय."

त्याने पिशवी आणली. दोर, पंप, बॅटरी, पाना... सगळं अजून प्लास्टिकात गुंडाळलेलं.

"कधी वापरलंच नाहीत?"

"गाडी अडलीच नाही. अडली असती, तरी आत पुस्तकं होती. वाचत बसलो असतो."

एवढ्या घोरातही तिला हसू फुटलं. तिने झरझर नट सैल केले, गाडी उचलली, नट त्याच्या ओंजळीत दिले. "एक जरी हरवलात ना—"

"श्वाससुद्धा जपून घेतोय."

चाक बसवताना तिच्या लक्षात आलं, तो मघापासून असा उभा होता, की त्याची सावली लसींच्या पेट्यांवर पडावी. तिने पटकन मान खाली घातली.

"पन्नास किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळावे लागतात," ती म्हणाली.

"मग पाना घेऊन जा. माझ्याकडे असून तरी काय उजेड? संध्याकाळी मी याच रस्त्यानं परततो."

निघायच्या घाईत आभाराचा शब्द तोंडातच राहिला.

बर्फ टिकला. चाळीस बाळं एकामागून एक रडली, आणि ते रडणं तिला आज फार गोड लागलं. तो राहून गेलेला शब्द मात्र दिवसभर मनात घुटमळत होता.

संध्याकाळी नट आवळून ती त्याच उतारावर आली, आणि तिने कचकन ब्रेक दाबला. वाचनालयाची गाडी उभी, बॉनेट वर, मागे लाल त्रिकोण. आणि पाना तिच्याकडे!

धावत जाऊन तिने तेल पाहिलं, पाणी पाहिलं, चारही चाकं दाबून पाहिली.

"गाडीला तर काहीच झालेलं नाही!"

"गाडीला नाही..."

"मग त्रिकोण कशाला? बाबा म्हणतात, खोटा त्रिकोण लावू नये. मागून येणारा त्यावर भरवसा ठेवून थांबतो."

त्याचे कान लाल झाले. "खोटा नाही हो. इथं एक माणूस खरंच अडकलाय. सकाळपासून. चार शाळांत पुस्तकं दिली, कुणाला कुठलं दिलं... एक आठवत नाही."

तिने पाना पुढे केला. बोलायला गेली तर डोळेच भरले. "तुम्ही थांबला नसतात, तर ती बाळं—"

"पाना तुमच्याकडेच राहू द्या," तो हळूच म्हणाला. "अडलं की बोलावीन."

"असं किती वेळा अडणार?"

"लक्षणं तर रोजची दिसतायत."

"आधी बाबांना भेटावं लागेल. येणाऱ्याच्या अवजारांच्या पिशवीतली एकेक वस्तू काढून बघतात ते. हे प्लास्टिक दिसलं, तर दारातूनच परत पाठवतील."

तो पिशवी घेऊन तिथेच गाडीच्या पायरीवर बसला आणि भराभरा प्लास्टिक फाडायला लागला. ती शेजारी टेकली, दोराचं वेष्टण तिने घेतलं.

"तुम्ही थांबलात... फार बरं केलंत," ती म्हणाली. शब्द अखेर बाहेर आला.

जरा वेळाने त्याने विचारलं, "त्रिकोण उचलू?"

"गाडी निघेपर्यंत उचलायचा नसतो."

"मग?"

"मग राहू दे ना थोडा वेळ..."