न छाटलेल्या दोन ओळी

द्राक्षांच्या पेटीवर देशाचं नाव: पेरू. प्रणिताला हसू आलं. पण सांगणार कुणाला?

छाटणीची कात्री. तेल लावून, जुन्या बनियनमध्ये गुंडाळून, कपाटात स्वेटरखाली. सिंगापूरमध्ये स्वेटरसुद्धा लागत नाही.

"पुढचं स्टेशन पाया लेबार." मेट्रोच्या स्पीकरमधली ही बाई तिच्याशी रोज न चुकता बोलते.

बाबा, फोनवर: "बाग काढली गं. टोमॅटो लावलेत."

फ्रान्समध्ये, लुआर नदीच्या काठी, एक म्हातारी सकाळी काठी टेकत वेलींमधून फिरते.

आणि सिंगापूरच्या लिटिल इंडियात, एका रविवारी दुपारी, एक उंच माणूस द्राक्षाच्या मण्यावर अंगठा घासत उभा होता.

"पुसतोय काय, तेवढंच तर खरं असतं त्याच्यावर," प्रणिता पुटपुटली. मराठीत. इथे आपलं कुणाला कळतंय, या भरवशावर.

तो वळला. "पुसत नाहीये. बघतोय, तो पांढरा थर खरा आहे की मेण लावलंय."

ती लाजली. पण विचारल्याशिवाय राहवेना. "मग?"

"मेण. तुम्ही नाशिकच्या?"

"पिंपळगाव. तुम्ही?"

"तासगाव."

"म्हणजे बेदाणेवाले."

"आम्ही निदान वाळवून तरी विकतो. तुमच्याकडे ढग दिसला की अख्खं गाव आजारी."

सिंगापुरातल्या पाच वर्षांत तिच्या गावाची अशी टिंगल कुणी केली नव्हती. तिला इतकं बरं वाटलं, की घ्यायची नसलेली द्राक्षंही तिने घेतली.

*

त्याचं नाव धैर्यशील. वाईन शिकायला फ्रान्सला गेला आणि तिथल्याच एका घरच्या मळ्यावर कामाला राहिला. मळा लुआरकाठच्या त्या म्हाताऱ्या मादाम सोलांजचा, त्याआधी तिच्या वडिलांचा, त्याआधी आजोबांचा. आता सहा आठवड्यांसाठी आलेला तो त्यांची वाईन घेऊन सिंगापूरची हॉटेलं पालथी घालत होता.

"आणि मी पाया लेबारच्या तेराव्या मजल्यावर लोकांचे आकडे जुळवते," ती म्हणाली. "बुकित पंजांगला एक खोली. झालं."

"झालं?"

"झालं."

पुढच्या शनिवारी तो तिच्या ब्लॉकखालच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या गाळ्यांपाशी आला. पिशवीत अर्धी उरलेली बाटली. बाहेर पाऊस ताडपत्रीवर वाजत होता. त्याने प्लास्टिकच्या ग्लासात दोन बोटं वाईन ओतली.

"आमच्या घरी द्राक्ष खातात. पीत नाहीत," ती म्हणाली.

"पिऊ नका. वास घ्या, आणि काय आठवतं ते सांगा."

तिने डोळे मिटले. "पंपाची खोली... मोटर बंद केल्यावर. ओली भिंत, आणि कोपऱ्यात पोती."

तो हळूच म्हणाला, "मादाम सगळ्यांना विचारते. सगळे फुलांची नावं सांगतात."

त्या रात्रीनंतर 'तुम्ही' कधी गळून पडलं, दोघांनाही कळलं नाही.

*

तो सांगायचा. ती ऐकायची.

पिंपातली वाईन लाकडातून थोडी थोडी उडून जाते. वर रिकामी जागा होते, तिथे हवा शिरते, आणि हवेने वाईन बिघडते. म्हणून दर सोमवारी मादामचा मुलगा प्रत्येक पिंप काठोकाठ भरतो.

"आणि नाही भरलं तर?"

"बाहेरून काही दिसत नाही. आत आंबतं."

तिला आपली खोली आठवली. एक उशी, एक खुर्ची, एक कप. बाहेरून तिथेही काही दिसत नव्हतं.

छाटणीचंही त्याने सांगितलं. मळ्यावर प्रत्येकाच्या वेलींच्या ओळी ठरलेल्या. दर हिवाळ्यात त्याच ओळी, तोच हात, कारण गेल्या वर्षी कुठली काडी कशासाठी ठेवली हे त्या हातालाच ठाऊक. दुसऱ्याच्या ओळीला कुणी कात्री लावत नाही.

"माझ्या आठ आहेत. शेजारच्या दोन रिकाम्या पडल्यात, म्हातारे जेरार निवृत्त झाले." तो ग्लासाशी चाळा करत राहिला. "तुला येते का गं छाटणी?"

"पिंपळगावच्या मुलीला विचारतोस? आमच्याकडे वर्षातून दोनदा असते. वेलीला झोपूच देत नाही आम्ही."

"तिकडे ती चार महिने झोपते."

"नशीबवान आहे."

दोघं हसली. तिचं हसू आधी थांबलं.

*

डिसेंबर, त्याची सिंगापुरातली शेवटची संध्याकाळ. स्टेशनचा जिना, ओली छत्री, त्याच्या खांद्यावर रिकाम्या बाटल्यांची बॅग.

"इथल्या एका वाईन कंपनीने नोकरी देऊ केलीय," तो म्हणाला. "उद्याचं तिकीट रद्द करता येतं. तू म्हणालीस तर... थांबतो."

तिला म्हणायचं होतं. शब्द पार ओठांवर आला होता. सहा आठवड्यांत तिने दुसरा कप विकत घेतला होता, आणि तो कप उद्यापासून पालथाच राहणार होता.

"तुझ्या आठ ओळी कोण छाटणार?"

"छाटेल कुणीतरी."

"आम्हीही असंच म्हणालो होतो. मी इकडे आले, दादा पुण्याला गेला. बाबांनी मजूर लावले. हात बदलला की वेलीला कळतं, धैर्यशील. तीन वर्षांत बाग काढावी लागली." तिने त्याच्या शर्टाच्या बाहीवरचं पाणी बोटाने निपटलं. "तू जा."

"आणि तू?"

बाबा म्हणायचे, माल क्रेटमध्ये पडेपर्यंत पिकाबद्दल तोंड उघडू नये. ही सवय तिच्यात मुरलेली होती.

"पोचल्यावर मेसेज कर," एवढंच ती म्हणाली.

*

जानेवारी. पुढचं स्टेशन पाया लेबार. रविवारी लिटिल इंडिया. ती द्राक्षांच्या पेटीपाशी थांबायची, मण्यावर अंगठा घासायची. मेण. परत यायची.

तो फोन करायचा, पण तिकडची थंडी आणि इकडचा पाऊस यापलीकडे बोलणं सरकत नव्हतं.

फेब्रुवारीत एक फोटो आला. पांढरं दव. छाटून नीटनेटक्या केलेल्या ओळी, दूरपर्यंत. मधोमध फक्त दोन ओळींच्या काड्या रानटी पिंजारलेल्या.

खाली लिहिलं होतं: "मादाम विचारतेय, या कुणाच्या? मार्चमध्ये रस चढेल. त्याआधी कुणीतरी छाटायला हव्यात."

तिने लिहिलं, खोडलं. पुन्हा लिहिलं. मग उठून कपाट उघडलं, स्वेटर काढला, आणि त्याच्याखालची कात्री दोनदा हवेत चालवून पाहिली.

"माझ्या," तिने लिहिलं. "हात लावू नकोस. व्हिसा आज आला."

फेब्रुवारीतल्या चायनीज न्यू इयरला जोडून बारा दिवसांच्या रजेचा अर्ज तिने नोव्हेंबरातच भरला होता, त्याने जेरारच्या ओळींबद्दल सांगितलं त्याच्या दुसऱ्या दिवशी.