सुपरचार्जरचा सौदा

मोटारीच्या कुठल्याही पार्टाचा भाव विचारा, रूपसिंग झोपेतून उठूनही बराबर सांगायचा. हैदराबादचा वेगळा, नांदेडचा वेगळा आणि ओळखीतला तिसराच. आखाडा बाळापूरजवळच्या तांड्यातला हा गडी. आजा-पणजांनी बैलांच्या पाठीवर धान्य वाहिलं. यानं बैल विकून जुनी मोटार घेतली आणि वसमत-बाळापूर रस्त्यावर माणसं वाहू लागला.

एकोणीसशे अडतीस साली सोनाजीनं त्याच रस्त्यावर नवीकोरी मोटार आणली आणि दोघांत जुंपली. बाळापूरच्या दगडोबा पाटलांनी तोड काढली : वसमतहून बाळापूरपर्यंत शर्यत लावा. जिंकणाऱ्याला फेटा, हरणाऱ्यानं या रस्त्यावर पुन्हा मोटार घालायची नाही. रूपसिंगाला दुसरा धंदा येत नव्हता, आणि नकोही होता.

शर्यतीआधीच्या बैलबाजारात एका म्हाताऱ्यानं पोत्यावर चक्क सुपरचार्जर मांडला होता. इंजिनात जबरदस्तीनं हवा कोंबणारं ते यंत्र रूपसिंगानं नुसतं चित्रात पाहिलं होतं. किंमत साडेचारशे, तीही मुंबईत!

म्हाताऱ्यानं रुमाल पसरला. रूपसिंगानं खाली हात घातला. बैलाचा सौदा असाच होतो : रुमालाखाली बोटं धरायची, पण एक बोट म्हणजे दहा की शंभर, ते आधी तोंडानं बोलायचं. आनंदाच्या भरात रूपसिंग नेमकं तेवढंच विसरला. म्हाताऱ्याचा हात भर उन्हात गार होता. त्यानं रूपसिंगाचं एकच बोट धरलं.

"जमलं!" म्हणत रूपसिंगानं शंभर रुपये काढले.

म्हाताऱ्यानं ते परत सारले. "राहू दे. एक ठरलं ना? एकच घीन."

येडं दिसतंय, असं म्हणून रूपसिंग हसत निघाला.

यंत्र बसवलं आणि इंजिन शीळ घालू लागलं. शर्यतीच्या दिवशी वसमतची वेस ओलांडेपर्यंत सोनाजी मागं पडला. रस्त्यावर पाऊलभर फुफाटा. सोनाजीच्या मागं धुळीचा लोट उठला होता. रूपसिंगाच्या मागं धूळच नव्हती.

"चाकं भुईला टेकूनच न्हाई राहिली!" तो खदखदून हसला आणि मोठ्यानं गाऊ लागला.

वाटेत हळदीच्या गाड्या लागल्या. त्यानं भोंगा वाजवला, हात हलवला. गाडीवानांनी मान वर केली नाही. बैल मात्र बुजले.

बाळापुरात हलगी कडकडत होती, गुलाल उडत होता. रूपसिंगानं उडी मारली. त्याला इतका आनंद झाला की डोळ्यांत पाणी आलं. रस्ता आपला राहिला!

दगडोबा पाटील लोकांना सांगत होते, "काय आला गडी! फेटा बांधला अन् पळाला तांड्यावर, बायकोला दावाया."

"अवो पाटील, मी हितंच हाय की!"

हलगीत कुणाला ऐकू गेलं नसेल. सोनाजीची धूळ अजून मैलभर लांब होती.

थट्टा करून राहिले, असं म्हणत त्यानं मोटार तांड्याकडं वळवली.

घराच्या दारात त्याचीच मोटार उभी होती. इंजिनाच्या टोपणाला हात लावला, गरम.

मागं वळून पाहिलं. तो जिच्यातून उतरला होता, ती नव्हती. "एकच घीन," म्हातारा म्हणाला होता.

आत मिराबाई हसत होती. लग्नाच्या वर्षी हसायची तशी.

"मिरा!"

"कोण हाय गं?" आतून रूपसिंगाच्या आवाजात कुणीतरी विचारलं.

मिराबाई दारात आली. तिच्या गालाला गुलाल होता. तिनं समोर पाहिलं, अगदी समोर, आणि पदर सावरला.

"कोन्ही न्हाई. वारं हाय," ती म्हणाली, आणि हसत हसत तिनं कडी लावली.