पोस्टाच्या बाकावरची आवडाबाई

ए प्रणय, जाळ उकरू नको. मडक्यातली पोपटी अजून व्हायची हाय. शेंगा कच्च्या राहिल्या तर रात्रभर पोट धरून बसशील. तोवर ऐका. सदा पोस्टमन ठाऊक हाय ना? त्याची गोष्ट. त्यानं स्वतः मला सांगितली, आणि रडत सांगितली. ज्याला हसायचं असंल त्यानं आत्ताच घरी जावं.

बाजारातलं जुनं पोस्ट इंग्रज साहेबाच्या राज्यातलं. तेव्हा रेवसच्या धक्क्यावर लाँचीतून टपालाची थैली उतरायची, तिथून सायकलवर इथं. त्या पोस्टात एक रीत होती. बांगडी फुटली म्हणतो का आपण? वाढली म्हणतो. तसं खिडकीवर आलेल्या माणसाला 'टपाल न्हाय' म्हणायचं न्हाय. 'उद्या' म्हणायचं.

आवडाबाई रोज यायची. एकुलता एक पोरगा, विनेश, जहाजावर कामाला. ती पडवीतल्या बाकावर बसून भिजवलेले वाल सोलायची. पोरगा कधी दारात उभा राहील सांगता येत न्हाय, आणि त्याला वालाचं बिरडं लागतं! सालं तिथंच टाकायची, सदा कुरकुरत झाडायचा. खिडकी उघडली की विचारायची, "सदा, हाय का रं काय माझं?"

"उद्या, आवडाबाई."

"बरं," म्हणायची नि टोप उचलून जायची.

एक दिवस विनेशचा जहाजावरचा सोबती पोस्टात आला. विनेश दर्यात पडला होता, सापडलाच न्हाय. "मला त्या माऊलीसमोर उभं राहवत न्हाय, तुम्हीच सांगा," म्हणाला आणि ते काम सदाच्या गळ्यात घालून गेला. सदा सांगणार होता, खोटं कशाला बोलू. पण खिडकीत तिचं तोंड बघितलं नि तोंडातून आलं, उद्या. दुसऱ्या दिवशीपण उद्या. असं वर्ष काढलं मेल्यानं! मग एका सकाळी ती बाकावरच गेली, मांडीवर बिरड्याचा टोप. पोराच्या नावानं रडणंसुद्धा तिच्या वाट्याला आलं न्हाय.

याला तीस वर्षं झाली. गेल्या मार्गशीर्षातल्या शेवटच्या गुरुवारी पोस्ट हललं, बँकेशेजारच्या नव्या गाळ्यात. बाक जुन्या पडवीतच राहिला. तारखेचा शिक्काही तिथल्याच खणात राहिला, आणि शिक्क्याशिवाय सकाळचं टपाल निघत न्हाय. पोस्टमास्तर रुचिता मॅडमनी फोन केला, "सदाभाऊ, तेवढा सकाळी आणा हं." सदा माणगावला लग्नात होता. परत येईतो रात्रीचे साडेअकरा. म्हणाला, आत्ताच घेऊन टाकू, सकाळी घाई नको.

जुन्या पोस्टाची लाईट तोडलेली. मोबाईलच्या उजेडात खण उघडला, शिक्का खिशात टाकला.

पडवीत आवाज झाला.

टक्.

टोपात वाल पडल्यासारखा.

टक्... टक्...

खिडकी बंद होती. आवाज थांबला. मग खिडकीच्या अगदी पलीकडून...

"सदा... हाय का रं काय माझं?"

सदा मला म्हणाला, "भागोजी, तीस वर्षं घोकलेलं वाक्य होतं रे. 'विनेश गेला, आवडाबाई.' एवढंच म्हणायचं होतं. म्हातारी सुटली असती." त्यानं तोंड उघडलं. ओठ हलले...

"उद्या, आवडाबाई."

बाहेर चिडीचूप.

मग...

"बरं."

अनवाणी पावलं लांब गेली. सदा फरशीवर बसला आणि स्वतःच्या थोबाडीत मारून घेत राहिला. दार उघडून बघितलं तर बाक कोरडा. काही न्हाय.

काय गं अमिषा, जवळ सरकलीस? शेंग घे. वालाचीच हाय, खा.

शुक्रवारी सकाळी नवा गाळा सदानंच उघडला, मॅडम मागं उभ्या. रातचं कुलूप जसंच्या तसं. आत नव्या प्लास्टिकच्या खुर्च्या, अजून कुणी बसलेलं न्हाय. मॅडम आत शिरल्या नि थबकल्या.

"सदाभाऊ, इथं कोण बसून गेलं?"

खिडकीसमोरच्या पहिल्या खुर्चीखाली वालाच्या सालांचा ढीग होता. सालांतून अजून पाणी निथळत होतं.