चिरूची जागा

१९८४ साली ह्यूस्टनच्या आमच्या मराठी मंडळात व्हिडिओ कॅमेरा एकट्या माझ्याकडे होता, आणि ही गोष्ट मी कोणाला विसरू देत नसे. बारशापासून गणपतीतल्या नाटकापर्यंत सगळं मीच टिपायचो. त्यामुळे शुगर लँडला आमच्या शेजारी राहणाऱ्या चिनेन मावशींनी ‘आमच्या नाटकाचं शूटिंग करशील का’ असं विचारलं, तेव्हा मी कॅलेंडरही न बघता हो म्हणालो.

मावशी मूळच्या ओकिनावाच्या. अमेरिकन सैनिकाशी लग्न करून टेक्सासला आल्या, नवरा गेला, त्या इथेच राहिल्या. ‘मावशी’ हे सुमेधाने, म्हणजे माझ्या बायकोने, दिलेलं नाव. कोणी जपानी म्हटलं की त्या ताठ होऊन सांगत, ‘आम्ही रयुक्यूचे.’ रयुक्यू म्हणजे ओकिनावाच्या बेटांवरचं, जपानने गिळण्याआधीचं जुनं राज्य. मला ते लगेच कळायचं. ऑफिसात कोणी ‘तुमची भाषा हिंदी ना?’ म्हणालं की माझंही डोकं तसंच फिरायचं.

त्यांचं नाटक म्हणजे अर्धा नाच, अर्धा संवाद, आणि सगळं इतकं संथ की मला आधी वाटलं, बॅटरी पुरणार कशी? त्यातली एक रीत मला फार आवडली. पात्राला दुःख झालं की ते रडत नाही, बोलतही नाही. ते नुसतं स्थिर उभं राहतं, आणि त्याच्या मनातलं मागे बसलेला गायक गातो.

हे नाटक त्यांच्या गावचं होतं. लिहिलेली वही युद्धात जळली. उरलं ते मावशींच्या डोक्यात. आणि मंगळवारी मावशींच्या घशाचं ऑपरेशन होतं. आवाज राहील याची खात्री डॉक्टर देत नव्हते. रविवारी कॅसेटवर जे उतरेल तेवढंच त्या नाटकाचं आयुष्य, हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं.

चर्चमागचा लहानसा हॉल मिळाला होता. दुपारचे दोन. बाहेर अंगाला चिकटणारा उकाडा. एसी घुमत होता म्हणून मी तो बंद केला, ट्यूबलाइट गुणगुणत होत्या म्हणून त्याही घालवल्या. पडदे ओढून स्टेजवर दोन दिवे ठेवले. रेकॉर्डिंगच्या बाबतीत मी कोणाचं ऐकत नाही.

मावशी आई झाल्या होत्या. त्यांच्या दोन शिष्या, त्यांच्यासारख्याच सैनिकांच्या बायका, त्यातली एक थोरली मुलगी झालेली आणि दुसरी मागे सान्शिन घेऊन बसलेली. सान्शिन म्हणजे तीन तारांचं, सापाच्या कातड्याने मढवलेलं वाद्य. गाणीही तीच म्हणायची. नाटकात हरवलेली धाकटी मुलगी टेकडीवर उभी असते, आई आणि बहीण समोरून जातात आणि तिला ओळखत नाहीत. त्या धाकटीच्या जागी कोणीच नव्हतं. जमिनीवर नुसता एक घडी केलेला, पिवळ्या फुलांचा झगा ठेवला होता.

‘चिरूची जागा,’ मावशी म्हणाल्या. चिरू ही त्यांची धाकटी बहीण. गावात ही भूमिका ती करायची, आणि या एका प्रसंगात मागच्या गायकाऐवजी तीच गायची; ते गाणं आजोबांनी फक्त तिलाच शिकवलं होतं. पंचेचाळीस साली उसाचा फड पेटला त्यात ती गेली. ‘ऐकलं तर ओळखेन, पण मला ते आठवत नाही. तिथे आम्ही थांबतो. तारा वाजतात, गाणं नाही. मग पुढे जातो.’

एवढं सांगून त्या तोंडाला पांढरा रंग लावायला आत गेल्या. आता ऐका माझी अक्कल. आमच्या मंडळात एखादा नट आला नाही की कोणालाही प्रॉक्सी उभं करायचं, हा हातचा मळ. मला फोकस जुळवायला माणूस हवं होतं.

‘सुमेधा, जरा तिथे प्रॉक्सी उभी राहा ना.’

‘अरे प्रताप, त्यांना चालेल का? विचारलंस?’

‘पाच मिनिटांचं काम आहे यार. झगा खांद्यावर टाक, म्हणजे कलर सेट करतो.’

तिने झगा उचलून खांद्यावर घेतला. तेवढ्यात मागे सान्शिन वाजू लागली. मला वाटलं, बाई तारा जुळवतायत. मी कॅमेरा चालू केला.

आधी वास आला. मी सांगलीकडचा, तो वास मी झोपेतही ओळखेन. पेटलेल्या उसाच्या पाचटाचा. बंद हॉलमध्ये... धूर कुठेच नव्हता.

मग गाणं सुरू झालं. कोवळा, पोरीचा आवाज. सान्शिनवाल्या बाईंचे ओठ मिटलेले होते, डोळे मात्र फाटले होते. सुमेधा स्थिर उभी होती. तिचेही ओठ मिटलेले. आवाज तिच्या पाठीमागून, हातभर अंतरावरून येत होता. तिथे भिंतीपर्यंत कोणी नव्हतं.

‘सुमेधा... ये इकडे.’

ती आली नाही. पावलं न उचलता, जमिनीवरून सरकवत ती हळूहळू वळली. हे तिला कोणी, कधी शिकवलं होतं?

दारात मावशी उभ्या होत्या. अर्धा चेहरा पांढरा, अर्धा तसाच. मला वाटलं, त्या ओरडतील. त्यांनी फक्त हात वर केला.

‘थांबवू नको,’ त्या कुजबुजल्या. ‘ते कडवं... तेच आहे...’

मी थांबवलं नाही. खरं सांगतो, भीतीपेक्षा मला कॅसेटची काळजी जास्त होती. बायको तिथे उभी आणि मी व्ह्यूफाइंडरमध्ये बघतोय. याची लाज मला आजही वाटते.

गाणं संपलं. सुमेधाने झगा काढून घडी घातली, म्हणाली, ‘झाला का फोकस?’ तिच्या लेखी एक मिनिटही गेलं नव्हतं.

मावशी रडत रडत तिचे हात कपाळाला लावत होत्या. त्यांनी तिथल्या तिथे उरलेलं नाटक केलं आणि मी टिपलं. मंगळवारी त्यांचा आवाज गेला. पण नाटक पुरं झालं. आज डॅलसला आणि पार तिकडे ओकिनावालाही मुली त्या कॅसेटवरून ते कडवं शिकतात. एक अक्षर चुकीचं नाही, असं मावशींनी मला पाटीवर लिहून दाखवलं. माझ्या हातून झालेलं सगळ्यात मोठं काम तेच, हे मी छातीठोकपणे सांगेन.

त्या रविवारी घरी येताना मी ड्राइव्ह करत होतो, सुमेधा शेजारी. मी विचारलं, ‘दमलीस का गं?’

‘नाही रे, ठीक आहे,’ ती म्हणाली. आवाज मागच्या सीटवरून आला.

तेव्हापासून तो तसाच येतो, तिच्या मागून, हातभर अंतरावरून. तिला सांगितलं तर हसते. हल्ली अंतर वाढलंय. ती अंगणात असते आणि आवाज जिन्यात. मी एक नियम पाळतो. आवाज आला आणि ती समोर दिसत नसली, तर उत्तर द्यायचं नाही.

तुम्हाला आधीच सांगायला हवं होतं. मघाशी आतून ‘भाऊजी, चहा दुधाचा करू की बिनदुधाचा?’ असं विचारलं, आणि तुम्ही ‘दुधाचा’ म्हणालात. सुमेधा परवापासून नेपरव्हिलला बहिणीकडे गेलीय. पाच वर्षं झाली, आवाजाची आता मला सवय आहे.

पण आत गॅस पेटल्याचं मी आज पहिल्यांदा ऐकतोय.