मागच्या दाराचा रंग

“सुचेता, जरा लांबून बघ. मागचं दार वेगळंच दिसतंय,” अवधूत म्हणाला.

सुचेता अंगणाच्या टोकाशी गेली. मे महिन्याच्या उन्हात बाबांची जुनी फियाट उभी होती. सारी गाडी दुधाळ निळी, आणि मागचं दार मात्र नव्या बादलीसारखं निळंभोर. बाबांना जाऊन अजून वर्षही झालं नव्हतं. दर रविवारी ते तासन्‌तास ही गाडी पुसत बसायचे. कशेळीला एका ट्रकने दाराला पोचा पाडला, म्हणून प्रभाकरकाकांनी ती काल्हेरच्या गॅरेजात दिली होती.

“जुना रंग जुळत नसतो,” काका म्हणाले आणि पेपरात शिरले.

सुचेताने दार उघडलं. बिजागरीपाशी रंगाचा टवका उडाला होता. खाली काळा रंग होता.

“हे टॅक्सीचं दार आहे,” अवधूत कुजबुजला. “मग आपलं कुठे गेलं?”

दोघा भावंडांनी सायकली काढल्या. गॅरेजात अवधूतने दौलतमिस्त्रीला इंजिनाच्या प्रश्नांत गुंतवलं, तोवर सुचेता मागच्या भंगारात शिरली. ताडपत्रीखाली त्यांचं दार पडलं होतं. पोचा पडलेलं, तरी तेच दुधाळ निळं. तिने त्यावर हात ठेवला आणि तिला रडूच फुटलं.

आवाज ऐकून मिस्त्री धावत आला. “पोरी, ठोकायला येळ नव्हता,” तो खालमानेने म्हणाला. “दुसरं लावलं. तुझ्या काकांना कळलं न्हाय.”

“मला कळलं,” सुचेता म्हणाली.

मुलांनी घरी सगळं सांगितलं, तसे दुसऱ्या दिवशी काका स्वतः त्यांना घेऊन गॅरेजात गेले. मिस्त्रीने मुकाट्याने तेच दार ठोकून सरळ केलं, घासलं. जुना रंग भुकटी होऊन जमिनीवर सांडला. सुचेताने मान फिरवली.

मिस्त्री ट्यूबलाइटखाली रंग कालवू लागला, तसा अवधूत म्हणाला, “उन्हात बघा. आणि ओला नको, वाळू द्या.” सुचेताने पुढचं दार पॉलिशने पुसून त्याचा खरा रंग वर आणला. रंग लावलेली पत्र्याची पट्टी त्यावर टेकवायची, पुन्हा थोडा पांढरा, थेंबभर पिवळा घालायचा. शेवटी पट्टीची कडच दिसेनाशी झाली.

“कुठे लागलं होतं ते शोधूनही सापडायचं नाही,” गाडी घरी आल्यावर काका म्हणाले. “पोरांनो, माझं लक्षच नव्हतं. तुम्ही होतात म्हणून.”

आईने दारावरून हात फिरवला. “तुमच्या बाबांनासुद्धा कळलं नसतं,” ती म्हणाली.

“बाबांना कळलं असतं,” सुचेता म्हणाली.

आईने तिला जवळ ओढलं.